आजीच्या वहीतला दीड आणि संगणकातला एक



'प्राथमिक साधन' आणि 'दुय्यम साधन' यांच्या व्याख्या कोर्सवर्कमध्ये आपण सगळेच पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. मीही विसरले होते. गेल्या दिवाळीच्या आधी मामीचा फोन आला तेव्हा त्या परत आठवल्या, आणि जरा महागात आठवल्या.

मामी म्हणाली, "अगं, आईंच्या पाककृतींच्या फायलीत भोपळ्याच्या पुऱ्या शोधतेय. 'पुऱ्या' टाकलं की काहीच येत नाही. तू सायन्सवाली ना, बघ जरा."

ही फाइल म्हणजे आमच्या आजीची वही. २००३ मध्ये मामाने ती घरच्या संगणकावर टंकली, तेव्हाच्या एका मराठी फाँटमध्ये. एक प्रिंटही काढून ठेवली. आजी २०१५ मध्ये गेली. पुढच्या वर्षी, बीएस्सीला असताना, मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ती फाइल युनिकोडमध्ये आणली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवली. खूप कौतुक झालं. तेव्हापासून घरातला सगळा फराळ त्याच फायलीवरून होतो.

पुऱ्या फायलीत होत्या. दिसतही होत्या. संगणकाला मात्र सापडत नव्हत्या. असं का झालं ते शोधताना मला एक वेगळीच चूक सापडली. ती शेवटी सांगते. त्याआधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ती चूक कळणार नाही.

वही कुणासाठी लिहिली जाते?

मराठीत पाककृती छापायला लागून आता दीडशे वर्षं झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, त्यात हजार पाकक्रिया. छापील पुस्तक अनोळखी वाचकासाठी असतं, त्यामुळे त्यात सगळं सांगावं लागतं. घरातली वही उलटी. ती लिहिणारीच्या स्वतःसाठी असते, फार तर लेकीसुनांसाठी. जे घरात सगळ्यांना माहीत आहे ते वहीत लिहिलेलंच नसतं.

आजीच्या वहीत एका ठिकाणी आहे, 'दोन आण्यांची कोथिंबीर'. हे माप आहे! पण ते लिहिलं त्या वर्षीच्या, त्या गावच्या बाजारात. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणे मोडीत निघाले आणि ती ओळही हळूहळू मोडीत निघाली. तुमच्या भाषेत सांगायचं तर आकडा आहे, एकक आहे, पण तारीख नाही.

'पावशेर'चं तर विचारूच नका. तोळा १८० ग्रेनचा हे कंपनी सरकारने १८३३ मध्ये ठरवलं. ८० तोळ्यांचा शेर धरला तर तो सुमारे ९३३ ग्रॅमचा होतो. पण मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि ४० शेरांचा. त्या हिशेबाने शेर भरतो जेमतेम ३१८ ग्रॅम. म्हणजे पावशेर गूळ एका ठिकाणी २३३ ग्रॅम, दुसरीकडे ७९. शिवाय धान्याचा मापी शेर वेगळाच. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. हा वजनाचा नाही, आकारमानाचा शेर. तेव्हा जुन्या कागदावर 'शेर' दिसला की पहिला प्रश्न: कुठला शेर?

मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा. ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे आजीच्या पिढीने चालू संसारात मापं बदलली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घरोघरी गेलं, त्यात वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं होती. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यातली गंमत लगेच कळेल. वाटीचं माप हे प्रमाण असतं. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजलेत तर वाटी लहान की मोठी याने फारसं बिघडत नाही. आजीनेही वहीतले बरेच शेर-पावशेर खोडून वर वाट्या लिहिल्यात, वेगळ्या शाईने. ती स्वतःच स्वतःच्या नोंदीची नवी प्रत करत होती. ही पहिली नक्कल.

अक्षरं आहेत, पण वाचता येत नाहीत

दुसरी नक्कल मामाची. २००३ मध्ये आपल्याकडे मराठी टंकायचं म्हणजे बहुतेक वेळा फाँटची जादू असायची. संगणकाच्या लेखी फायलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असत. फाँट फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवायचा, कुठे काना, कुठे अर्धा म, कुठे वेलांटी. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडलीत की 'साटोरी'च्या जागी नुसती इंग्रजी खिचडी. आणि दोन कंपन्यांच्या फाँटचे तक्ते एकमेकांशी जुळतील याची काही खात्री नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होती. पण घरच्या संगणकापर्यंत ती पोचायला विंडोज २००० यावं लागलं, आणि सवय बदलायला आणखी काही वर्षं गेली. मधल्या काळात लोकांनी जे जे टंकलं ते फाँटच्या भरवशावर.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. साठवलेलं असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लाखो लोकांनी हौसेने मांडलेली घरगुती पानं एका झटक्यात जायची वेळ आली. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातली पुष्कळ उतरवून घेतली. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून हेच काम करतंय. पण अशा ठिकाणी जुन्या फाँटमधलं मराठी पान वाचलं, तरी त्याचा फाँट आपल्याकडे नसेल तर वाचलेली असते ती खिचडीच. फ्लॅशचंही तसंच. २०२० च्या अखेरीस त्याचा आधार काढून घेतला आणि त्यात बनवलेलं बरंच काही, जागच्या जागी असूनही, उघडेनासं झालं.

पुऱ्या का सापडत नव्हत्या

आता तिसरी नक्कल, माझी. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये जाताना नुसती अक्षराला अक्षर बदलून चालत नाही. 'मिरची'तली वेलांटी जुन्या फायलीत म च्या आधी असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती म च्या नंतर साठवतात. हे मी सांभाळलं होतं.

घोळ झाला तो 'ऱ्या'चा. पुऱ्या, भाकऱ्या, कचोऱ्या, आपल्या स्वयंपाकघरात हे अक्षर सतत लागतं. साधा र, हलन्त आणि य जोडलात तर 'सूर्य'सारखा रफार येतो. पुऱ्यांतला र वेगळा दिसतो. तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा आणि पुढे य. दोन, साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. साध्या शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझ्या प्रोग्रॅमने दुसरी रीत वापरली होती, मामीच्या मोबाइलचा कीबोर्ड पहिली वापरतो. झालं, पुऱ्या गायब!

हे तुमच्या कामाचं आहे. मराठी मजकुरावर शब्द मोजायचं काम करणार असाल तर आधी ही रूपं एकसारखी करून घ्या. नाहीतर 'हा शब्द या काळात आढळत नाही' असं लिहून मोकळे व्हाल, आणि शब्द तिथेच बसलेला असेल.

आणि ती चूक

शोध दुरुस्त केला. म्हटलं, आलोच आहोत तर भोपळ्याच्या पुऱ्यांची कृती मूळ वहीशी ताडून बघू. मामाकडून वहीच्या पानाचा फोटो मागवला.

फायलीत: 'भोपळ्याचा कीस २ वाट्या, गूळ १ वाटी.'

वहीत: 'भोपळ्याचा कीस २ वाट्या, गूळ १॥ वाटी.'

जुन्या पद्धतीत आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव. एक रेघ सव्वा, दोन रेघा दीड, तीन रेघा पावणेदोन. आजी शेवटपर्यंत असंच लिहायची. मला आधी वाटलं मामाने टंकताना चूक केली. म्हणून २००३ ची प्रिंट काढायला लावली. तिच्यात दीड व्यवस्थित आहे. मग माझा जुना प्रोग्रॅम उघडला. त्यात मीच लिहिलेली एक ओळ होती: सगळ्या उभ्या रेघा काढून टाका. रूपांतर झाल्यावर ओळींच्या शेवटी रेघा उरल्या होत्या, मला तो कचरा वाटला. फाइल 'स्वच्छ' केली.

त्या स्वच्छतेत बरेच सव्वा आणि दीड 'एक' झाले. जिथे नुसत्या दोन रेघा होत्या, म्हणजे अर्धी वाटी, तिथे '॥ वाटी तेल'चं 'वाटी तेल' उरलं, आणि आम्ही ते एक वाटी असं वाचत आलो.

नऊ वर्षं मामी त्या फायलीवरून करत होती. नऊ वर्षं पंगतीत कुणीतरी म्हणायचं, "छान झाल्यात, पण आईंच्या हातची चव नाही." मीही म्हटलेलं आहे. मामी हसून सोडून द्यायची. प्रश्न हाताचा नव्हता, माझ्या एका ओळीचा होता. तिला फोन करून सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

मग आपण काय करायचं?

संशोधनाला लागताय तर एवढं धरून ठेवा. नोंद टिकते ती कुणीतरी तिची परत परत नक्कल करतं म्हणून. वही जीर्ण होते, सीडी खराब होते, फाँट जातो, जागा बंद पडते. नक्कल थांबली की नोंद संपली. पण प्रत्येक नकलेत काहीतरी गळतं, आणि बहुतेक वेळा ते नक्कल करणाऱ्याला कचरा वाटलेलं असतं.

म्हणून मूळ कागदाचा फोटो ठेवा, मजकूर कितीही नीट टंकला असला तरी. मजकूर युनिकोडच्या साध्या फायलीत ठेवा, जी उघडायला खास सॉफ्टवेअर लागत नाही. काय बदललं, कधी, का, हे शेजारच्या फायलीत लिहा. 'स्वच्छ केलं' एवढं पुरत नाही, काय काढलं ते लिहा. आणि काम झालं की दहा नोंदी उचलून मुळाशी ताडा. मी २०१६ मध्ये दहा नोंदी ताडल्या असत्या तर पहिल्या दोन-तीनमध्येच दंड दिसला असता. प्रयोगशाळेतला डेटा असो की दफ्तरातली कागदपत्रं, नियम हाच.

राहता राहिली दिवाळी. मामीने दीड वाटी गूळ घालून पुऱ्या केल्या. मी पहिला घास घेतला आणि आजी आठवली. मामाने एक खाल्ली आणि म्हणाला, "जरा गोड झाल्यात, नाही का?" त्याला आता एक वाटीची सवय लागलीय. माझी लहान मामेबहीणही त्याच चवीवर वाढलीय. तिच्यासाठी घरची चव म्हणजे ती चुकीचीच.

त्यामुळे मी एक वाटी खोडली नाही. फायलीत आता दोन ओळी आहेत: 'गूळ १॥ वाटी, आजीची वही' आणि 'गूळ १ वाटी, २०१६ नंतर, रूपांतरातली चूक'. दुसऱ्या ओळीपुढे माझं नाव लिहिलंय.