कार्व्हरचं गाव आणि सहाशे माणसं

मागच्या गुरुवारी ऑफिसात एका कॉलमवरून वादावादी झाली. आमचा प्रोजेक्ट रुग्णांच्या नोंदींचा. त्यात एक रकाना आहे: रुग्णानं संमती दिली का, आणि कुठल्या तारखेला. जुना डेटा लोड करताना हजारो नोंदी तिथंच अडकल्या, कारण रकाना रिकामा! मी पटकन बोलून गेलो, "सगळीकडे 'हो' भरून टाकू ना, सोमवारी रिलीज आहे." आमच्या लीडबाईंनी स्क्रीनवरची नजरही न हलवता विचारलं, "तू विचारलंस का त्यांना?"

मी गप्प. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. संमतीचा हा सगळा खटाटोप आला कुठून? शनिवारी वाचायला बसलो आणि वीकएंड त्यातच गेला. शेवटी पोचलो कुठं, तर टस्कीगीला.

टस्कीगी म्हटल्यावर तुम्हाला काय आठवतं? वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', बरोबर? १९८१ सालचं हे पुस्तक आपल्यापैकी किती जणांना शाळेत बक्षीस मिळालंय कोण जाणे. शेंगदाणे, रताळी, घोडागाडीवरची फिरती शेतीशाळा... मला तर ते गाव आजोळच वाटायचं. त्याच गावात, कार्व्हर हयात असताना, १९३२ साली जे सुरू झालं, ते मात्र मला तिशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं.

टस्कीगी हे अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीचं मुख्य गाव. (काउंटी म्हणजे आपला तालुका नि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी समजा.) १९३० च्या सुमारास लोकसंख्या २७ हजारांच्या आसपास, त्यातले दहातले आठ लोक कृष्णवर्णीय. बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवणारे. हातात रोकड नाही, त्यामुळे डॉक्टरचं तोंड न बघताच आयुष्य संपणारे कितीतरी. बुकर टी. वॉशिंग्टननी काढलेल्या संस्थेचं स्वतःचं हॉस्पिटल होतं, पण खेड्यापाड्यातल्या माणसाला तिथवर जाणंच जड.

मग एक चांगली गोष्ट झाली. ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या निधीतून दक्षिणेतल्या सहा काउंट्यांमध्ये सिफिलिसच्या तपासणीचा आणि उपचाराचा कार्यक्रम सुरू झाला. मेकन त्यातलीच एक. तपासलेल्या तिघांत एकाहून जास्त जणांच्या रक्तात रोग सापडला. पेनिसिलिन अजून यायचं होतं. आर्सेनिकची इंजेक्शनं नि पारा, तेही वर्षभराहून जास्त काळ, असा तेव्हाचा उपचार. त्रासदायक आणि महागडा, पण उपचार होता. तेवढ्यात महामंदी आली, पैसा आटला आणि कार्यक्रम गुंडाळला गेला.

इथवर गोष्ट आपल्या ओळखीची आहे. निधी संपला, योजना बंद. खरी मेख पुढं आहे. अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या अधिकाऱ्यांनी विचार केला, की इतके रुग्ण आहेत आणि उपचार होणारच नाहीयेत, तर मग रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघून तरी घेऊ! उपचाराचा अभाव हीच त्यांना 'संधी' वाटली. सिफिलिस झालेले ३९९ आणि न झालेले २०१, असे सहाशे पुरुष निवडले. त्यांना सांगितलं गेलं की तुमचं 'रक्त खराब' आहे, त्यावर सरकार फुकट इलाज करतंय. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची वेदनादायक चाचणीसुद्धा 'खास मोफत उपचार' म्हणून खपवली. बदल्यात गरम जेवण, दवाखान्यापर्यंत गाडी, आणि मेल्यावर शवविच्छेदनाला परवानगी दिली तर अंत्यविधीचा खर्च.

एक गैरसमज बऱ्याच ठिकाणी दिसतो, की या लोकांना मुद्दाम रोग टोचला. तसं नाही. (तो प्रकार ग्वाटेमालात झाला, १९४६ ते १९४८ मध्ये.) इथं फक्त काहीच केलं नाही. पण ते 'काहीच न करणं' टिकवायला मात्र बरीच मेहनत घेतली! आसपासच्या डॉक्टरांना नावांच्या याद्या दिल्या, यांच्यावर उपचार करू नका म्हणून. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरती करणाऱ्यांनी काही जणांना उपचार घ्यायला सांगितलं, तर त्यातूनही यांची नावं वगळून घेतली. १९४३ मध्ये पेनिसिलिननं सिफिलिस बरा होतो हे कळलं, १९४७ पर्यंत तोच सर्वमान्य उपचार झाला. यांना तो दिला नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते नर्स युनिस रिव्हर्स यांनी. टस्कीगीतच शिकलेल्या, स्वतः कृष्णवर्णीय. १९२३ मध्ये त्यांनी काम कुठं सुरू केलं, ठाऊक आहे? फिरत्या शाळेबरोबर! हो, तीच, कार्व्हरच्या घोडागाडीची वारसदार. ज्या चाकांवरून बी-बियाणं आणि शहाणपण गावोगाव गेलं, त्यावरूनच लोकांचा विश्वासही जमा झाला होता. पुढे रिव्हर्सबाईंच्या गाडीत ही माणसं त्याच विश्वासानं बसली. बाईंना दुष्ट म्हणवत नाही. त्या त्यांच्या घरी जायच्या, सुखदुःखं विचारायच्या. आणि तरीही ती गाडी त्यांना औषधापर्यंत कधीच घेऊन गेली नाही.

हे सगळं गुप्त होतं म्हणाल, तर तेही नाही. १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत यावर लेख छापून येत होते. शेकडो डॉक्टरांनी वाचले असतील, पुढचं पान उलटलं असेल. १९५८ मध्ये रुग्णांना पंचवीस वर्षांच्या सहभागाबद्दल प्रशस्तिपत्रक आणि पंचवीस डॉलर दिले. वर्षाला एक डॉलर!

याला पहिली ठोस हरकत ज्यांनी घेतली त्यांत पीटर बक्स्टन हा सॅन फ्रान्सिस्कोतला कर्मचारी होता. डॉक्टर नव्हे. वय तिशीच्या आत, म्हणजे माझ्याच आसपास. १९६६ मध्ये त्यानं वरिष्ठांना पत्र लिहिलं, १९६८ मध्ये पुन्हा. १९६९ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि तिनं ठरवलं, चालू ठेवा! शेवटी त्यानं कागद पत्रकारांच्या हाती दिले. २५ जुलै १९७२ ला जीन हेलर यांची बातमी आली आणि काही महिन्यांत चाळीस वर्षांचं ते काम थांबलं.

पुढचं थोडक्यात. रोझा पार्क्स यांचे वकील फ्रेड ग्रे यांनी दावा लावला, १९७४ मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी माणसांवरच्या संशोधनाचा कायदा झाला, १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल. आज संशोधनाआधी समजावून सांगून जी सही घेतात, तिच्या नियमांमागे ही सहाशे माणसं आहेत. क्लिंटननी माफी मागितली १९९७ मध्ये, तेव्हा फक्त आठ जण हयात होते.

पण विश्वास परत आला का? २०१८ साली दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी, मार्सेला अल्सन आणि मॅरिअन वानामेकर यांनी, हिशोब मांडला. बातमी फुटल्यावर कृष्णवर्णीय पुरुषांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला, त्यांनी दवाखान्यात जाणं कमी केलं, आणि पंचेचाळिशीतल्या पुरुषांचं पुढचं सरासरी आयुष्य दीड वर्षापर्यंत घटलं असा त्यांचा अंदाज. म्हणजे जे त्या सहाशेत नव्हते, त्यांनीही किंमत मोजली. दवाखाना बांधता येतो हो, पण तिथं पाऊल टाकायचा भरवसा कुठून आणणार?

असो. शुक्रवारीच ठरलं होतं की संमती नसलेल्या नोंदी बाजूला ठेवायच्या आणि रुग्णालयामार्फत प्रत्येकाला विचारायचं. रिलीज दोन आठवडे पुढं गेलं. शुक्रवारी मी त्यावर कुरकुरत होतो. आज रविवारी रात्री हे लिहिताना त्या रिकाम्या रकान्याकडे बघायची माझी नजर बदललीये. तिथं 'हो' लिहिणं हे एका ओळीचं काम आहे, म्हणूनच भीती वाटते.