राज्यकारभाराचे निर्देशक
एखाद्या शासनाचा कारभार कितपत चांगला आहे, हे ठरविण्यासाठी निवडलेली मोजता येण्याजोगी लक्षणे. ही लक्षणे कोण निवडतो, यावर निष्कर्ष पुष्कळ अंशी अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थान हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१८५८ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानच्या नैतिक व भौतिक प्रगतीचे विवरण दरवर्षी ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवणे बंधनकारक झाले. त्यात लोहमार्ग, कालवे, शाळा, न्यायदान, व्यापार इत्यादींची माहिती असे. शासनाने काय केले, हे तीवरून कळे. रयतेच्या वाट्यास काय आले, हे मात्र कळत नसे. निर्यातीतील वाढ ही तर समृद्धीची खूणच मानली जाई. त्या निर्यातीच्या एका भागाचा मोबदला देशात परत येतच नव्हता.

दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) यांनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचलेल्या निबंधांत निराळी कसोटी लावली. प्रांतोप्रांतीच्या सरकारी अहवालांतूनच त्यांनी प्रमुख पिकांखालील क्षेत्र, एकरी उतारा व बाजारभाव घेतले; त्यांवरून शेतमालाचे मूल्य काढून त्यात मीठ, अफू, कोळसा, कारागिरी इत्यादींची ढोबळ भर घातली. ३४० कोटी रुपयांची ही बेरीज ब्रिटिश हिंदुस्थानच्या १७ कोटी लोकसंख्येने भागता दरडोई उत्पन्न अवघे २० रुपये आले (१८६७–७०). एवढ्यावर माणसाचे भागते की नाही, हे ठरविण्यासाठी त्यांनी तुरुंगांचे हिशेब पुढे ठेवले. मुंबई इलाख्यात कैद्याच्या अन्नवस्त्राचा वार्षिक खर्च ४७ रुपयांहून अधिक होता. तेथील दरडोई उत्पादन होते २२ रुपये. गुन्हेगारासाठी सरकारने स्वतःच आवश्यक मानलेला खर्च प्रामाणिक रयतेच्या प्राप्तीच्या दुपटीहून अधिक ठरला. दादाभाईंच्या युक्तिवादाचे खरे बळ या तुलनेत आहे.

त्यांच्या पद्धतीत उणिवा होत्या. मोजक्या पिकांवरून सर्व शेतीचा अंदाज बांधलेला होता आणि सेवांचे मूल्य धरलेले नव्हते. सरासरीमुळे श्रीमंत व दरिद्री यांच्यातील अंतर झाकले जाते, हे तर त्यांनी स्वतःच दाखविले होते. तथापि त्यांचे गणित कोणासही पडताळता येत होते. सरकारी बाजूने १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपयांचा अंदाज दिला. त्याचा तपशील दादाभाईंनी मागूनही त्यांना मिळाला नाही. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३० रुपयांचा आकडा सांगून प्रगतीचा दावा केला. या वादात दरडोई उत्पन्न हीच राज्यकारभाराची कसोटी होय, हे सरकारनेही नकळत मान्य केले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही मापने आंतरराष्ट्रीय झाली. जागतिक बँकेच्या सहा शासन-निर्देशकांची आकडेवारी १९९६ पासूनची असून ती मुख्यतः तज्ञ, उद्योजक व नागरिक यांच्या मतांवर आधारलेली आहे. देशोदेशींच्या उद्योगसुलभतेची क्रमवारी लावणारा याच बँकेचा अहवाल आकडेवारीतील गैरप्रकार उघडकीस आल्यानंतर २०२१ मध्ये बंद करण्यात आला.