हॉकी ईस्ट पुरुष अजिंक्यपद स्पर्धा

हॉकी ईस्ट पुरुष अजिंक्यपद स्पर्धा ही अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या पुरुष आइस हॉकी संघांसाठी दरवर्षी मार्च महिन्यात घेतली जाणारी बाद पद्धतीची स्पर्धा आहे. 'हॉकी ईस्ट' या क्रीडापरिषदेच्या हंगामाची सांगता या स्पर्धेने होते. पहिली स्पर्धा १९८५ साली झाली. विजेत्या संघाला लॅमोरिएलो करंडक आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उपांत्य व अंतिम सामने बॉस्टन शहरातील टीडी गार्डन या बंदिस्त क्रीडागृहात होतात. २०२५ च्या स्पर्धेअखेर बॉस्टन कॉलेजने सर्वाधिक, म्हणजे १२ वेळा, हे अजिंक्यपद मिळवले आहे.

अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेतील स्थान

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन मुख्यतः नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, संक्षेपाने एनसीएए, ही संस्था करते. तिच्या अखत्यारीतील संघ निरनिराळ्या क्रीडापरिषदांमध्ये विभागलेले असतात. अशा परिषदेला तेथे 'कॉन्फरन्स' म्हणतात. एका परिषदेतील संघ शरद ऋतूपासून वसंताच्या आरंभापर्यंत परस्परांशी साखळी सामने खेळतात आणि हंगामाच्या शेवटी परिषदेची स्वतंत्र बाद स्पर्धा होते. त्यामुळे एकाच हंगामात दोन सन्मान पणाला लागतात. साखळीतील पहिले स्थान हा पहिला, तर बाद स्पर्धेचे अजिंक्यपद हा दुसरा. हे दोन्ही सन्मान एकाच संघाला मिळतील असे नसते.

राष्ट्रीय स्पर्धेत २००३ पासून १६ संघ खेळतात. सध्या पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीत सहा परिषदा आहेत. त्यांच्या बाद स्पर्धांचे सहा विजेते राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप दाखल होतात. उरलेल्या दहा जागा वर्षभराच्या निकालांवर आधारित राष्ट्रीय क्रमवारीनुसार भरल्या जातात. साखळीत पहिला आलेला संघही केवळ त्या स्थानाच्या बळावर राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकत नाही. क्रमवारीत वर असलेल्या संघांना परिषदेच्या स्पर्धेतील पराभव पचवता येतो. क्रमवारीत मागे असलेल्या संघांपुढे मात्र ही स्पर्धा जिंकणे हा एकच मार्ग उरतो. त्यांच्यासाठी मार्चमधील कोणताही पराभव म्हणजे हंगामाची अखेर असते आणि अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांसाठी तो बहुधा महाविद्यालयीन कारकिर्दीचाही शेवट ठरतो.

परिषदेची स्थापना

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या ईशान्य भागातील प्रमुख आइस हॉकी संघ ईस्टर्न कॉलेज अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजेच ईसीएसी, या मोठ्या परिषदेत होते. या परिषदेची बाद स्पर्धा १९६२ पासून होत असे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, ब्राउन व डार्टमथ ही आयव्ही लीगमधील विद्यापीठेही तिच्यात होती. हंगामात किती सामने खेळावेत यावरून आयव्ही विद्यापीठे आणि इतर संस्था यांच्यात मतभेद वाढत गेले. आयव्ही विद्यापीठे बाहेर पडून स्वतंत्र गट स्थापन करतील, अशी चर्चा सुरू झाली. तसे घडल्यास आपली स्थिती अनिश्चित होईल, हे ओळखून १९८३ मध्ये बॉस्टन कॉलेज, बॉस्टन विद्यापीठ, नॉर्थईस्टर्न, प्रॉव्हिडन्स व न्यू हॅम्पशायर या पाच संस्थांनी स्वतःच नवी परिषद स्थापण्याचा निर्णय घेतला. लोवेल आणि मेन ही विद्यापीठेही लवकरच त्यांना येऊन मिळाली. आयव्ही विद्यापीठे मात्र अखेर ईसीएसीमध्येच राहिली.

अशा रीतीने सात संघांची हॉकी ईस्ट परिषद १९८४-८५ च्या हंगामात मैदानात उतरली. प्रॉव्हिडन्स कॉलेजचे माजी प्रशिक्षक व क्रीडासंचालक लू लॅमोरिएलो हे तिचे पहिले आयुक्त होत. पुढे ते न्यू जर्सी डेव्हिल्स या व्यावसायिक संघाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत त्या संघाने तीन वेळा स्टॅन्ली चषक जिंकला. नव्या परिषदेत संघ थोडे असल्यामुळे पहिली पाच वर्षे तिने मध्य व पश्चिम भागातील डब्ल्यूसीएचए या परिषदेशी संयुक्त वेळापत्रक ठेवले होते. त्या सामन्यांचे गुणही साखळीत धरले जात.

त्यानंतर मेरिमॅक (१९८९), मॅसेच्युसेट्स (१९९४), व्हरमाँट (२००५) आणि कनेटिकट (२०१४) या संस्था परिषदेत आल्या. नोत्र दाम विद्यापीठ २०१३ ते २०१७ अशी चार वर्षे सदस्य होते. सध्या परिषदेत ११ संघ आहेत.

स्वरूप

स्पर्धेचे स्वरूप संघसंख्येनुसार वेळोवेळी बदलत गेले. बराच काळ साखळीतील पहिल्या आठ संघांनाच प्रवेश असे. उपांत्यपूर्व फेरीत वरचे मानांकन असलेल्या संघाच्या मैदानावर तीन सामन्यांची मालिका होई आणि दोन सामने जिंकणारा संघ पुढे जाई. या पद्धतीत एखादा सामना हरूनही सावरण्याची संधी होती.

२०२२ पासून सर्व ११ संघांना प्रवेश असून प्रत्येक फेरीचा निकाल एकाच सामन्यात लागतो. साखळीतील पहिल्या पाच संघांना उपांत्यपूर्व फेरीत थेट स्थान मिळते. उरलेल्या सहा संघांची प्राथमिक फेरी होते. तीत सहावा संघ अकराव्याशी, सातवा दहाव्याशी आणि आठवा नवव्याशी खेळतो. प्राथमिक व उपांत्यपूर्व सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर होतात. त्यामुळे साखळीतील एकेका स्थानाला मोल येते. पाचव्या क्रमांकाच्या संघाला एक सामना कमी खेळावा लागतो, तर सहाव्या क्रमांकाच्या संघाला अजिंक्यपदासाठी लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात.

सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. साखळीत बरोबरी झाल्यास अल्प अतिरिक्त वेळ दिला जातो. बाद स्पर्धेत मात्र २० मिनिटांची अतिरिक्त सत्रे निकाल लागेपर्यंत चालू राहतात आणि पहिला गोल होताच सामना संपतो. या नियमामुळे स्पर्धेच्या इतिहासात काही अतिशय दीर्घ लढती झाल्या आहेत.

स्थळ

पहिल्या दोन स्पर्धांचे अंतिम सामने र्‍होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स सिव्हिक सेंटर येथे झाले. १९८७ चा अंतिम सामना जुन्या बॉस्टन गार्डनमध्ये खेळला गेला. ते क्रीडागृह बंद झाल्यावर १९९५ मध्ये त्याच्या शेजारी उभे राहिलेले नवे क्रीडागृह, म्हणजे आताचे टीडी गार्डन, स्पर्धेचे घर बनले. व्यावसायिक संघ बॉस्टन ब्रुइन्स याचेही ते मैदान आहे. हॉकीच्या सामन्याला तेथे सुमारे १७,८५० प्रेक्षक बसू शकतात. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन विद्यापीठ, नॉर्थईस्टर्न आणि हार्वर्ड यांच्यातील फेब्रुवारी महिन्यातील बीनपॉट ही स्पर्धाही येथेच होते. तथापि ती निमंत्रितांची स्वतंत्र स्पर्धा असून परिषदेच्या अजिंक्यपदाशी तिचा संबंध नाही.

इतिहास

पहिला अंतिम सामना

१९८५ चा पहिला अंतिम सामना साखळीत अव्वल ठरलेले बॉस्टन कॉलेज आणि यजमान शहराचा संघ प्रॉव्हिडन्स यांच्यात झाला. निकाल लागण्यास दोन अतिरिक्त सत्रे लागली. प्रॉव्हिडन्सचा गोलरक्षक ख्रिस टेरेरी याने ६५ फटके अडवले आणि त्याच्या संघाने २–१ असा विजय मिळवला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. त्यानंतर प्रॉव्हिडन्सने राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथे रेन्सेलर पॉलिटेक्निकने त्यांना २–१ असे हरवले. नव्या परिषदेचा पहिला विजेता राष्ट्रीय अजिंक्यपदापासून एका गोलाने दूर राहिला.

मेनचा काळ

प्रशिक्षक शॉन वॉल्श यांच्या कारकिर्दीत मेन विद्यापीठाने १९८७ ते १९९३ अशी सलग सात वर्षे अंतिम सामना गाठला. त्यांपैकी १९८९, १९९२ व १९९३ या वर्षी ते विजयी ठरले. १९९२-९३ च्या हंगामात मेनने ४२ सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले आणि केवळ एक गमावला. परिषदेच्या अजिंक्यपदानंतर त्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवले. याच संघातील पॉल करिया याला महाविद्यालयीन हॉकीतील सर्वोच्च मानला जाणारा होबी बेकर पुरस्कार लाभला.

बॉस्टनचे वर्चस्व

बॉस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॅक पार्कर यांनी सात, तर बॉस्टन कॉलेजचे जेरी यॉर्क यांनी नऊ अजिंक्यपदे मिळवली. यॉर्क यांच्या संघाने २०१०, २०११ व २०१२ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. असा पराक्रम अन्य कोणत्याही संघाला साधलेला नाही. २०१० च्या अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजने मेनवर अतिरिक्त वेळेत ७–६ अशी मात केली. हे दोन बॉस्टन संघ परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी मानले जातात. तरीही २०२५ पर्यंत अंतिम सामन्यात ते तीनदाच समोरासमोर आले. १९८६ मध्ये बॉस्टन विद्यापीठ ९–४ असे आणि २००६ मध्ये अतिरिक्त वेळेत २–१ असे जिंकले. २०२४ मध्ये बॉस्टन कॉलेज ६–२ असे विजयी झाले. त्या सामन्यात विल स्मिथ या खेळाडूने एकट्याने चार गोल केले.

नवे विजेते

न्यू हॅम्पशायरने २००२ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळवले आणि २००३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाला अतिरिक्त वेळेत १–० असे हरवून ते राखले. २०१३ च्या अंतिम सामन्यात मॅसेच्युसेट्स-लोवेलनेही बॉस्टन विद्यापीठावर १–० असाच विजय मिळवला. पार्कर यांनी निवृत्ती आधीच जाहीर केली होती. या पराभवामुळे बॉस्टन विद्यापीठाचा राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश हुकला आणि चार दशकांच्या प्रशिक्षकपदातील तो पार्कर यांचा अखेरचा सामना ठरला. लोवेलसाठी मात्र ते परिषदेचे पहिले अजिंक्यपद होते. त्यांचा गोलरक्षक कॉनर हेलेबक याने २०१४ च्या अंतिम सामन्यातही प्रतिस्पर्ध्याला गोल करू दिला नाही. दोन्ही वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मॅसेच्युसेट्स विद्यापीठाची प्रतीक्षाही दीर्घ होती. २००४ मध्ये हा संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. मेनविरुद्धचा तो सामना तिसऱ्या अतिरिक्त सत्रापर्यंत लांबला आणि मेनने २–१ असा जिंकला. २०२० ची स्पर्धा कोविड-१९ च्या साथीमुळे रद्द झाली. २०२१ मध्ये सर्व सामने महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळवले गेले. त्या वर्षी अ‍ॅमहर्स्ट येथे स्वतःच्या मैदानावर मॅसेच्युसेट्सने लोवेलला १–० असे हरवून १७ वर्षांपूर्वी हुकलेले अजिंक्यपद मिळवले. पुढे त्यांनी सेंट क्लाउड स्टेटचा ५–० असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपदही जिंकले. २०२२ मध्ये कनेटिकटला अतिरिक्त वेळेत नमवून त्यांनी परिषदेचे अजिंक्यपद राखले.

२०२५ मध्ये मेनने कनेटिकटवर ५–२ असा विजय मिळवला. २००४ नंतरचे, म्हणजे २१ वर्षांनंतरचे, हे त्यांचे पहिले अजिंक्यपद होय.

संघनिहाय अजिंक्यपदे (२०२५ अखेर)

बॉस्टन कॉलेज – १२ (१९८७, १९९०, १९९८, १९९९, २००१, २००५, २००७, २००८, २०१०, २०११, २०१२, २०२४)
बॉस्टन विद्यापीठ – १० (१९८६, १९९१, १९९४, १९९५, १९९७, २००६, २००९, २०१५, २०१८, २०२३)
मेन – ६ (१९८९, १९९२, १९९३, २०००, २००४, २०२५)
नॉर्थईस्टर्न – ३ (१९८८, २०१६, २०१९)
मॅसेच्युसेट्स-लोवेल – ३ (२०१३, २०१४, २०१७)
प्रॉव्हिडन्स – २ (१९८५, १९९६)
न्यू हॅम्पशायर – २ (२००२, २००३)
मॅसेच्युसेट्स – २ (२०२१, २०२२)

मेरिमॅक, व्हरमाँट व कनेटिकट हे तिन्ही संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आहेत. मात्र २०२५ पर्यंत त्यांपैकी एकालाही अजिंक्यपद मिळालेले नाही. न्यू हॅम्पशायरने आठ अंतिम सामने खेळले आणि त्यांपैकी सहा गमावले.

राष्ट्रीय स्पर्धेतील यश

एकाच हंगामात हॉकी ईस्टचे व राष्ट्रीय असे दोन्ही अजिंक्यपद मिळवण्याची कामगिरी २०२५ पर्यंत आठ वेळा झाली आहे. मेन (१९९३), बॉस्टन विद्यापीठ (१९९५, २००९), बॉस्टन कॉलेज (२००१, २००८, २०१०, २०१२) आणि मॅसेच्युसेट्स (२०२१) हे ते संघ होत. याउलट मेन (१९९९) आणि प्रॉव्हिडन्स (२०१५) यांनी परिषदेची स्पर्धा न जिंकताही राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. त्या दोघांनाही क्रमवारीच्या आधारे राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला होता.

करंडक व पारितोषिक

विजेत्याला दिला जाणारा करंडक पहिले आयुक्त लॅमोरिएलो यांच्या नावाने ओळखला जातो. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे पारितोषिक बॉस्टन कॉलेजचे क्रीडासंचालक विल्यम फ्लिन यांच्या नावाने आहे.

महिलांची स्पर्धा

हॉकी ईस्टने २००२-०३ च्या हंगामात महिलांचा विभाग सुरू केला. महिलांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा २००३ मध्ये झाली. ती स्वतंत्रपणे घेतली जाते आणि तिच्या विजेत्यालाही महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो.