१०८ घागरी दालनात कुठे आहेत?

गेल्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातले आम्ही सात-आठ जण अलिबाग पट्ट्यातल्या एका मातीकामाच्या दालनात सिरॅमिकचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. मांडव्याला रो-रो बोट लागू लागल्यापासून या किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले वाढले, तसे स्टुडिओ आणि कार्यशाळाही वाढल्या. दालन सर्वांसाठी खुले होते. 'सामुदायिक' हा शब्द फलकावरच होता. वस्तू सुंदर होत्या, हे आधीच कबूल करतो. निळ्या झिलईचे वाडगे, राखेचे डाग मुद्दाम राखलेले चहाचे पेले, मान वाकडी ठेवलेली एक सुरई. शेजारच्या चिठ्ठ्यांवर 'मातीशी नाते', 'भूमीची स्मृती' असे शब्द आणि खाली चार आकडी किंमत. परतताना बारावीतल्या एका मुलीने विचारले, "भूमीची स्मृती म्हणतात, मग आपल्या पणज्यांच्या गळ्यातलं मडकं त्यांना आठवत नाही का?"

एस.टी.त कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर इथे देण्याचा प्रयत्न करतो.

आधी किनाऱ्याचाच इतिहास पाहू. आज चौल-रेवदंडा म्हटले की नारळी-पोफळीच्या वाड्या आठवतात. पण हे चौल म्हणजे ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मधले सेमिल्ला आणि कान्हेरीच्या शिलालेखांतले चेमूल. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत चेमूलचे लोक आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी चौलला उत्खनन केले, तेव्हा हे बंदर सातवाहन काळापासून नांदते असल्याचे खापरांनीच सांगितले. पश्चिम आशियातून आलेली झिलईदार भांडी, रोमन जगातून मद्य आणि तेल घेऊन आलेल्या दुमुठी कुंभांचे तुकडे अशी ही खापरे. तसेच तुकडे घारापुरीच्या मोरा बंदराजवळही मिळाले आहेत. राजाचा ताम्रपट वितळवला जातो, लाकडी घर कुजते, खापर मात्र दोन हजार वर्षे टिकते. म्हणून पुरातत्त्वाचा विद्यार्थी आधी खापर वेचायला शिकतो.

मग हे भांडे घडवणाऱ्याची पत काय होती? नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षाचा एक लेख आहे, काळ इसवी सनाचे तिसरे शतक. विष्णुदत्ता नावाची शक कुळातली उपासिका त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवते. ती ठेव ती वेगवेगळ्या श्रेणींकडे सोपवते. त्यांतली एक कुलरिकांची श्रेणी, तिच्याकडे एक हजार कार्षापण. 'कुलरिक' म्हणजे कुंभार असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे कारागिरांची संघटना पैसा सांभाळत होती आणि त्या व्याजातून आजारी भिक्खूंना औषध मिळत होते. आजच्या भाषेत कुंभारांची बँक. आपल्या किती कार्यकर्त्यांना हा लेख माहीत आहे? पांडवलेण्यांत आपण फोटो काढतो, भिंत वाचत नाही.

तो काळ समतेचा सुवर्णकाळ होता, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. विनयपिटकात हीन शिल्पांच्या यादीत कुंभाराचे कामही आहे. पण ती यादी कशासाठी आली आहे, ते पाहा. एका भिक्खूने दुसऱ्याला जात, नाव किंवा धंदा काढून हिणवले, तर तो अपराध ठरतो, त्या नियमाच्या स्पष्टीकरणात ती येते. समाज कुंभाराला हीन मानत होता आणि संघ त्या हिणवण्याला दोष म्हणत होता. मज्झिमनिकायात घटिकार कुंभाराची कथा आहे. आंधळ्या म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणारा, फावड्याने जमीन न खणता ढासळलेल्या काठाची माती वापरणारा हा कुंभार. त्याचा मित्र जोतिपाल ब्राह्मण. बुद्धाच्या दर्शनाला चल म्हटले तर जोतिपाल टाळतो. शेवटी नदीवर नुकत्याच न्हालेल्या त्या ब्राह्मणाचे केस घटिकार धरतो. हा खालच्या जातीचा माणूस आपल्या न्हालेल्या डोक्याला हात लावतो, तर काहीतरी मोठेच असणार, असे जोतिपालाला वाटते आणि तो निघतो. आमच्या विहारात ही गोष्ट सांगितली की पोरे खळखळून हसतात. हसायलाच हवे.

आता दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. मातीचे भांडे पुन्हा भाजले की शुद्ध होते. पण मद्य, मूत्र, थुंकी, रक्त यांचा स्पर्श झाला तर पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. दहाव्या अध्यायात चांडालांची वस्ती गावाबाहेर आणि त्यांचे जेवण फुटक्या भांड्यात ठरवले आहे. हे दोन नियम शेजारी ठेवा. धातूचे भांडे घासता येते, मातीचे भांडे टाकूनच द्यावे लागते. म्हणून विटाळाचे सगळे शास्त्र मातीच्या भांड्याभोवती फिरते.

आणि थुंकीचा नियम लक्षात ठेवा, कारण पेशवाईत तोच माणसाच्या गळ्यात आला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात नोंदवले आहे की, पुण्यात अस्पृश्याला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके आणि पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे. (पुढे एका परीट संताने तेच गाडगे जेवायला आणि तोच झाडू गाव झाडायला हातात घेतला. गाडगेबाबांचे नावच त्या भांड्यावरून पडले. या दोन वस्तू एकत्र का आल्या असतील, यावर कोणीतरी नीट लिहायला हवे.)

आणि मग महाड. आजचा रायगड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळ्यापुरता तसा ठरावही केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. २० तारखेला बाबासाहेब तळ्याकडे चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि मागोमाग हजारो लोक प्याले. हे सगळे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर झालेला हल्लाही पाठ आहे, मातीत तुडवलेले अन्नही.

पण त्यानंतरच्या 'शुद्धीकरणा'वर आपण फारसे थांबत नाही. सनातन्यांनी १०८ मातीच्या घागरी आणल्या. दही, शेण, दूध, गोमूत्र आणि मंत्रघोष. माणसाच्या ओंजळीने बाटलेले तळे गाईच्या शेणाने पवित्र झाले. त्यातला विनोद बाबासाहेबांच्या पिढीने पुरेपूर ओळखला होता. आमचा प्रश्न त्या घागरींचा आहे. एवढ्या घागरी कुठून तरी आल्या असणार. कुणातरी कुंभाराने माती तुडवली, चाक फिरवले, आवा लावला. घागर घडवणारा तो स्वतः शूद्र, त्याला मंत्र म्हणण्याचा अधिकार नाही. त्याच्या हातची घागर त्याच्याहून खालच्या मानलेल्या माणसाचा विटाळ धुवायला वापरली गेली. ही उतरंड बाबासाहेबांनी 'श्रेणीबद्ध विषमता' या शब्दांत मांडली. आणि उतरंड हा शब्दही मडक्यांचाच आहे, एकावर एक रचलेल्या मडक्यांचा. समाजशास्त्राच्या वर्गात ही संकल्पना समजायला आम्हाला एक सत्र लागले. १०८ घागरी समोर ठेवल्या असत्या तर पाच मिनिटे पुरली असती.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला. २४ डिसेंबरला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आजच्या रो-रोसारखीच समुद्रातली वाट, उतरायचे बंदर मात्र वेगळे. २५ डिसेंबरला रात्री मनुस्मृती जाळली. ज्या ग्रंथाने फुटके भांडे आमच्या वाट्याला दिले, तो याच जिल्ह्यात जळाला. तळ्याचा दावा मात्र उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला आणि मग जिंकला.

तळे जिंकले तरी भांडे मागे राहिलेच. मातीच्या मडक्याची जागा चिनी मातीच्या कपबशीने घेतली. हॉटेलच्या वळचणीला वेगळी ठेवलेली, कान तुटलेली, स्वतःच विसळायची कपबशी. दलित आत्मकथनांत ती जागोजागी भेटते. डॉ. बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम १९७२ मध्ये काढावी लागली, म्हणजे महाडनंतर पंचेचाळीस वर्षांनी. कप हेही सिरॅमिकच आहे. ज्या दालनात चहाच्या पेल्यांची मांडणी आहे, तिथे ती कानतुटकी बशीही ठेवता आली असती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्यातलेही घेतात : कलेत जात कशाला आणता? त्यावर अमेरिकेतले उदाहरण देतो. दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्ड भागात गुलाम आफ्रिकी कुंभार मोठमोठ्या बरण्या घडवत. त्यांतला एक डेव्हिड ड्रेक. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे तिथे १८३४ मध्ये कायद्याने बंद झाले. त्याच काळात हा माणूस ओल्या मातीवर आपले नाव, तारीख आणि स्वतःच्या काव्यओळी कोरत होता. १८५७ च्या एका बरणीवर, आपले सगेसोयरे आता कुठे असतील, अशा अर्थाची ओळ आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने एजफील्डच्या काळ्या कुंभारांचे प्रदर्शन भरवले. त्यात गुलामी लपवली नाही, तीच मांडणीच्या मध्यभागी होती. त्यामुळे बरणीचा घाट कमी सुंदर झाला नाही. लोक आकार पाहायला थांबत होते आणि ओळ वाचायला आणखी थांबत होते, असे आम्ही वाचले. आमच्याकडे १०८ घागरींवर कोणाचेच नाव नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. हाताला माती लावणारा माणूस आम्हाला आपलाच वाटतो, मग तो बंगल्यातला का असेना. पण 'सामुदायिक' म्हणताना समुदाय कोण, हे त्यांनी ठरवावे. पेण, पनवेल, महाडकडचे जे कुंभार अजून पणत्या, माठ, परळ घडवतात, त्यांचे चाक त्या दालनात नव्हते. त्यांच्या मुलांना कार्यशाळेची फी परवडत नाही. आणि कुंभार समाजाशीही आपण बोलायला हवे. १०८ घागरींचा राग त्यांच्यावर काढणे म्हणजे सनातन्यांचेच काम सोपे करणे. ते आणि आपण एकाच गावगाड्याचे बलुतेदार होतो. फक्त त्यांना वेशीच्या आत ठेवले आणि आपल्याला बाहेर.

आम्ही त्या दालनाला पत्र लिहिले आहे. मागणी छोटी आहे : एक चबुतरा द्या. त्यावर चौलच्या खापराचे चित्र, नाशिकच्या लेखाचा मराठी अर्थ, गळ्यातल्या मडक्याची प्रतिकृती आणि महाडची घागर. चिठ्ठ्या आम्ही लिहू. उत्तर अजून आलेले नाही.

तोवर येत्या २० मार्चला आमच्या विहाराच्या अंगणात १०८ घागरी मांडायचे ठरले आहे, साध्या पाण्याने भरलेल्या, येणाऱ्या कोणीही ओंजळीने प्यावे अशा. त्यांची ऑर्डर द्यायला आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या एका कुंभारकाकांकडे गेलो. १०८ आकडा ऐकून त्यांनी लगेच विचारले, "कसली पूजा आहे?" आम्ही ओट्यावर बसून महाडची सगळी हकिकत सांगितली. ते बराच वेळ चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, "एकशे वीस घेऊन जा. वाटेत फुटतात. वरच्या बाराचे पैसे नकोत."