चाकण

महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील इतिहासप्रसिद्ध गाव, कांदा-बटाट्याची बाजारपेठ व औद्योगिक केंद्र. ते पुण्याच्या उत्तरेस सु. ३० किमी. अंतरावर पुणे-नासिक महामार्गावर वसले असून तळेगाव-शिक्रापूर रस्ता या महामार्गास येथेच छेदतो. गावाच्या दक्षिणेस इंद्रायणी व उत्तरेस भामा या भीमेच्या उपनद्या वाहतात. मध्ययुगात भुईकोट किल्ल्यामुळे, १९८० च्या सुमारास शेतकरी आंदोलनामुळे आणि एकविसाव्या शतकात मोटारींच्या कारखान्यांमुळे चाकणचे नाव दूरवर पोहोचले.

तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ व भरपूर पावसाचा आहे. चाकणच्या आसपास मात्र पाऊस बेताचा पडतो. जमीन काही ठिकाणी काळी, तर काही ठिकाणी हलकी व मुरमाड आहे. ज्वारी, बाजरी, भुईमूग ही येथील जिरायत पिके होत. विहिरीचे पाणी असेल तेथे कांदा, बटाटा व भाजीपाला घेण्याची रीत पडली. धान्य घरच्या खाण्यासाठी, तर कांदा-बटाटा रोख पैशासाठी, अशी शेतीची घडी होती. वाड्यावस्त्यांचा माल बैलगाडीने चाकणच्या बाजारात येई.

जुन्नरहून पुण्याकडे आणि घाटवाटांनी कोकणाकडे जाणाऱ्या मार्गांवर नजर ठेवता येत असल्याने येथील कोटास महत्त्व आले. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने कोकणच्या मोहिमेसाठी चाकण येथे तळ ठेवला होता. पुढे हे ठाणे निजामशाहीत व त्यानंतर भोसले घराण्याकडे आले. शिवाजी महाराजांनी किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यास त्याच्या जागी कायम ठेवले. जून १६६० मध्ये शायिस्तेखानाने संग्रामदुर्गास वेढा घातला. तीन-साडेतीनशे लोकांनिशी फिरंगोजीने भर पावसाळ्यात सु. आठ आठवडे किल्ला लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर ऑगस्टमध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला व त्यास इस्लामाबाद हे नाव मिळाले. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला.

या घडामोडींत सत्ताधारी बदलले, सारा घेणारे हात बदलले. तथापि शेतजमीन नांगराखालीच राहिली. इंग्रजी अमलात रयतवारी पद्धतीने मोजणी होऊन प्रत्येक खातेदाराच्या नावे सारा ठरला. जमिनीस खाजगी मालमत्तेचे स्वरूप आल्याने ती तारण ठेवणे व विकणे सुलभ झाले आणि सावकारी कर्जाचा पाश आवळला. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दंग्यांमागे हेच प्रमुख कारण होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य अधिनियम करण्यात आला. स्वातंत्र्योत्तर काळात कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळास जमिनीचे मालक होता आले.

मालकी मिळाली, तरी मालाच्या भावाचा प्रश्न राहिला. कांदा फार काळ टिकत नाही. शिवाय हंगामात सर्वांचा माल एकदमच बाजारात येतो. त्यामुळे लिलावात बोलला जाईल तो भाव शेतकऱ्यास घ्यावा लागे. अडत, तोलाई, हमाली व गाडीभाडे वजा जाता हाती काही उरत नसे. क्वचित ‘उलटी पट्टी’ येऊन शेतकऱ्याकडेच देणे निघे. त्यात निर्यातबंदी आली की भाव कोसळत. १९७८ मध्ये असेच घडले.

बर्न (स्वित्झर्लंड) येथील जागतिक टपाल संघाच्या कार्यालयातील नोकरी सोडून आलेले शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी १९७७ मध्ये चाकणजवळील आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेतीस प्रारंभ केला. शेतकऱ्याचे दारिद्र्य आळसामुळे वा अज्ञानामुळे नसून उत्पादनखर्चही भरून न येणाऱ्या भावामुळे आहे, असा निष्कर्ष त्यांनी स्वानुभवावरून काढला. चाकणच्या कांदा उत्पादकांना त्यांनी संघटित केले आणि १९७९ मध्ये येथेच शेतकरी संघटनेची स्थापना झाली. जानेवारी १९८० मध्ये वांद्रे-चाकण रस्त्याच्या मागणीसाठी डोंगरी भागातील शेतकऱ्यांनी पायी मोर्चा काढला. मार्चमध्ये कांद्याच्या भावासाठी पुणे-नासिक रस्ता अडविण्यात आला. सत्याग्रहींना अटक झाली आणि जोशी यांनी उपोषण केले. नाफेड या सहकारी संस्थेमार्फत बांधलेल्या भावाने खरेदी व्हावी, ही मुख्य मागणी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नासिक जिल्ह्यात ऊस व कांद्याच्या भावासाठी मोठे आंदोलन झाले आणि संघटनेचा विस्तार राज्यभर झाला. सारामाफी वा कर्जमाफी मागणाऱ्या पूर्वीच्या चळवळींहून ‘घामाचे दाम’ मागणारी ही चळवळ वेगळी होती. तिने शेतकऱ्यास उत्पादक म्हणून उभे केले.

दरम्यान दक्षिणेकडून उद्योगधंद्यांचा विस्तार होत होता. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९० नंतर हा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकला. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, सावरदरी, वासुली इ. गावांच्या जमिनी टप्प्याटप्प्याने संपादित झाल्या. बजाज ऑटोनंतर फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र या कंपन्यांचे कारखाने या परिसरात आले. २०१५ मध्ये चाकणला नगरपरिषद मिळाली.

या बदलाचा लाभ सर्वांस सारखा झाला नाही. ज्यांच्या नावे सात-बारा होता, त्यांना मोबदला मिळाला. काहींनी अन्यत्र जमिनी घेतल्या, काहींनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या किंवा वाहतुकीचा धंदा सुरू केला. ज्यांची उपजीविका दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर होती, त्यांना मोबदल्याचा हक्क नव्हता. भामेवरील आसखेड धरणासाठीही शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याचे पाणी २०२१ पासून पुणे शहराच्या पूर्व भागास दिले जाते. या योजनेस धरणग्रस्तांनी पुनर्वसनाच्या प्रश्नावर विरोध केला होता.

कारखान्यांमध्ये वेढले गेले तरी खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे चाकण येथील आवार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध राहिले. मात्र भोवतालची शेते घटल्याने त्यास दूरच्या गावांच्या मालावर अधिक अवलंबून राहावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर पुन्हा बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठविली. १९७८ चा प्रश्न त्यामुळे जुना झालेला नाही. संग्रामदुर्गाचे काही बुरूज, तटाचे अवशेष व खंदकाच्या खुणा गावात दिसतात.