दोन मते, दोन खासदार

एका मतदारसंघाचा एकच खासदार, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, याहून वेगळी तऱ्हा कधी होती असे मनातही येत नाही. पण १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांतून भरल्या गेल्या. त्यांपैकी ८६ मतदारसंघ दोन जागांचे होते. उत्तर बंगालचा एक तर तीन जागांचा!

या जोड मतदारसंघांत एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी राखीव असे. मतदाराला मते दोन. मात्र दोन्ही एकालाच देता येत नसत. हा 'मात्र' मला फार मोलाचा वाटतो. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात मतदाराला सगळी मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता येत. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला तेवढाच आधार होता. नव्या नियमाने तो काढून घेतला.

१९५२ साली उत्तर मुंबईत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. जोडीला सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी बाबासाहेबांचा सुमारे चौदा हजार मतांनी पराभव केला. काँग्रेसची लाट होतीच. पण दलितांनी मते कितीही एकवटली, तरी राखीव जागेचा कौल इतरांच्याच हाती राहिला, हेही खरे.

उलट नवल १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपूरम येथे घडले. आधी राखीव जागेचा निकाल लावायचा, मग उरलेल्यांत ज्याला अधिक मते तो दुसरा, अशी रीत होती. तिथे दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि माजी केंद्रीय मंत्री व्ही. व्ही. गिरी पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सर्वसाधारण जागा सर्वांचीच आहे, तिथे आदिवासींना मज्जाव नाही, असा निवाडा १९५९ मध्ये झाला.

१९६१ मध्ये कायद्याने जोड मतदारसंघच मोडले. ते अवाढव्य होते, प्रचार आवाक्याबाहेर जाई, ही कारणे खोटी नव्हेत. तरीही एक गोष्ट मला खटकते. राखीव जागेवरचा दलितांचा नेता पडला, तेव्हा व्यवस्था चालू राहिली. सर्वसाधारण जागेवर आदिवासी बसला, त्यानंतर ती फार दिवस टिकली नाही. नकाशावरची रेघ मुकी असते; ती कोणाला सलते, यावरून मात्र पुष्कळ कळते.