बालकांमधील मूत्र प्रतिप्रवाह

मूत्राशयातील लघवी मूत्रवाहिनीतून उलट मूत्रपिंडाकडे जाण्याच्या विकारास मूत्र प्रतिप्रवाह म्हणतात. वैद्यकात तो व्हेसिकोयुरेटरल रिफ्लक्स या नावाने ओळखला जातो. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकस शिरते आणि मूत्राशय भरताना तिचा हा भाग दाबला जाऊन बंद होतो. तो जन्मतः आखूड असल्यास लघवी मागे फिरते. वयाबरोबर तो लांबतो व सौम्य प्रतिप्रवाह बहुधा आपोआप थांबतो. तसे न झाल्यास वारंवार जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात.

पूर्वानुमान

प्रतिप्रवाहाच्या तीव्रतेनुसार १ ते ५ अशा श्रेणी केल्या जातात. श्रेणी जितकी वरची, तितकी तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी. मात्र केवळ श्रेणीवरून बांधलेला अंदाज अपुरा ठरतो. काही मुले लघवी रोखून धरतात, त्यांना एकाएकी घाई होते, दिवसा कपडे ओले होतात आणि बहुतेकदा जोडीला बद्धकोष्ठताही असते. अशा मुलांच्या मूत्राशयात दाब वाढतो आणि लघवी साचून राहते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१० च्या मार्गदर्शिकेनुसार अशा मुलांपैकी ३१ टक्क्यांचा प्रतिप्रवाह दोन वर्षांत थांबला. हा दोष नसलेल्यांत हेच प्रमाण ६१ टक्के होते. प्रतिबंधक प्रतिजैविके चालू असतानाही संसर्गाचे प्रमाण अनुक्रमे ४४ आणि १३ टक्के होते. दुर्बिणीद्वारे इंजेक्शन देण्याच्या उपचाराचे यशही पहिल्या गटात कमी आढळले. उघड्या शस्त्रक्रियेत असा फरक दिसला नाही.

अमेरिकेत ६०७ बालकांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हर’ चाचणीत प्रतिजैविकांनी संसर्गाची पुनरावृत्ती निम्म्याने घटली, पण व्रणांचे प्रमाण बदलले नाही. मूत्राशयाचा दोष असलेल्या मुलांना त्यांचा लाभ अधिक झाला.

घरची नोंद

व्रण दाखवणारी डीएमएसए तपासणी अणुवैद्यक केंद्रातच होते. जालना जिल्ह्यातील केदारखेड्यासारख्या गावातून त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. मूत्राशयाच्या सवयींची माहिती मात्र घरच्या वहीतूनही मिळते. दोन-तीन दिवस लघवीची वेळ व माप, ओले झालेले कपडे आणि शौचाचे दिवस त्यात लिहिले जातात. वयात १ मिळवून ३० ने गुणल्यास मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. सहा वर्षांच्या मुलासाठी ती २१० असते. नोंदीतील मापे तिच्याशी ताडून पाहतात. उपचारात आधी बद्धकोष्ठता दूर केली जाते आणि ठरावीक वेळी, घाई न करता लघवी करण्याची सवय लावली जाते. शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळण्यासाठी दिवसभर लघवी रोखणाऱ्या मुलांबाबत ही सवय घरापुरती राहून चालत नाही.